पेन्शन आणि कमरेचा पट्टा

(नभोवाणीवरील भाषण)

सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल देतात, श्रीफळ देतात, गळ्यात हार घालतात आणि "आता तरी प्रकृतीकडे लक्ष द्या" असे बजावून सांगतात. हा उपदेश करणारांत आम्ही डॉक्टर मंडळी अर्थातच पुढे असतो. परंतु तो हार गळ्यात पडल्या दिवसापासून देहात काय बदल होऊ लागतो, विशेषतः वजनाचे काय होते, हे त्या समारंभात कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द सांगावे असे योजिले आहे.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ बेळगाव-निपाणी मार्गावर कित्येक वर्षे कंडक्टर होते. काकती, हत्तरगी, संकेश्वर करीत गाडी निपाणीला पोचेपर्यंत त्यांना बसावयास क्वचितच मिळे. गाडी भरली की या दारापासून त्या टोकापर्यंत माणसांतून वाट काढीत तिकिटे द्यावयाची, थांब्यावर खाली उतरावयाचे, पाटी दाखवून ओरडावयाचे, पुन्हा चढावयाचे. याला ते व्यायाम म्हणत नसत. ती नोकरी होती. साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे आले. वजन नऊ किलोंनी वाढले होते. मी प्रश्न विचारण्यापूर्वीच त्यांनी आपली बाजू मांडली. "खाणं तेवढंच हाय की ओ डॉक्टर. एक घास वाढविला नाही."

ते खरे बोलत होते याविषयी मला शंका नाही. पण सारा घोटाळा त्या 'तेवढंच' या शब्दात होता. संसारात मिळकत कमी झाली की शहाणा माणूस खर्च कमी करतो. देहाच्या संसारात नेमके उलटे घडले होते. खर्च कमी झाला होता आणि आवक मात्र पूर्वीइतकीच चालू होती. मग शिल्लक साठणारच, आणि देहाची ही शिल्लक ठेवण्याची पेढी म्हणजे पोट.

योगायोग असा की काम आणि देह यांचा हा संबंध जगाच्या नजरेस प्रथम ठळकपणे आणून दिला तो कंडक्टरांनीच. लंडनमधील डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे ३१ हजार वाहतूक-कामगारांच्या प्रकृतीची पाहणी करून १९५३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेथील बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर दिवसभर जिन्याची चढउतार करी. पगार, वस्ती, राहणी पुष्कळशी सारखी. तरीही हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि झालाच तर तो कमी घातक ठरला. पुढे १९५६ साली याच मंडळींनी एक मौजेची गोष्ट केली. कामगारांना मिळणाऱ्या गणवेशाची मापे त्यांनी तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांच्या विजारींपेक्षा अधिक भरला. सगळा दोष आसनाचाच होता असे मात्र नव्हे. अगदी तरुण ड्रायव्हरांच्या विजारीही रुंदच होत्या, म्हणजे स्थूल माणसेच ड्रायव्हरीकडे वळत असावीत, असेही त्यातून दिसले. शास्त्रज्ञांनी ही आपल्या सिद्धान्ताला अडचणीची गोष्ट लपविली नाही, हे मला त्या मापांइतकेच मोलाचे वाटते.

या विजारींवरून मला आपल्या निवृत्तांच्या पोशाखाचा विचार सुचतो. नोकरीत असताना खाकी पँट आणि कातडी पट्टा हे दोन साक्षीदार रोज सकाळी साक्ष देत असतात. पट्टा एक भोक पुढे सरकला की माणूस क्षणभर तरी विचारात पडतो. निवृत्त झाल्यावर सर्वप्रथम खुंटीला जाते ती पँट, आणि तिच्या जागी येतो नाडीचा लेंगा. लेंगा हा फार उदार मनाचा पोशाख आहे. त्याला भोके नाहीत, बटणे नाहीत, आणि त्याची कसलीही तक्रार नाही. नाडी आपली निमूटपणे सैल होत जाते. दोन वर्षांत नऊ किलो वाढले तरी माझ्या त्या कंडक्टरांच्या लेंग्याने त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता.

आता कोणी विचारील, काम कमी झाले की भूकही आपोआप कमी व्हावयास नको काय? आपली सर्वांची तशीच समजूत असते. या बाबतीत एक पाहणी आपल्या देशातच झाली आहे. जाँ मेयर या आहारशास्त्रज्ञांनी कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणीतील २१३ माणसांचे खाणे, वजन आणि काम यांचा हिशेब मांडून तो १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यात दिवसभर ठाण मांडून बसणारे दुकानदार होते, कारकून होते, यंत्रावरचे कामगार होते आणि पाठीवर ओझी वाहणारे हमालही होते. हलक्या कामापासून अवजड कामाकडे जावे तसतसे खाणे वाढत गेलेले दिसले, यात नवल नाही. नवल होते ते दुसऱ्या टोकाला. जे जवळजवळ हालतच नव्हते त्यांचे खाणे सर्वांत कमी असावयास हवे होते. पण ते हलके काम करणारांपेक्षाही अधिक खात होते, आणि वजनातही तेच सर्वांत भारी होते. ही पाहणी एका वेळेपुरती होती, तेव्हा तिच्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. परंतु हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भूक हा विश्वासू कारभारी राहत नाही, हे माझ्या दवाखान्यातील अनुभवाशी जुळते. नोकरीतून माणूस निवृत्त होतो. त्याची भूक निवृत्त होत नाही. ती घड्याळाकडे पाहून येते, आणि घरात घड्याळ सतत समोर असते.

आकडे फार सांगत नाही. साधारण साठ-पासष्ट किलो वजनाचा माणूस दोन किलोमीटर चालला तर सुमारे शंभर उष्मांक खर्ची पडतात. दूध-साखर घातलेला एक कप चहा आणि सोबत एक-दोन बिस्किटे घेतली की ते भरून निघतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. कागदावरच्या हिशेबाने रोजचे शंभर उष्मांक उरले तर वर्षाकाठी साडेचार किलोंहून अधिक वजन वाढावे. प्रत्यक्षात इतके वाढत नाही, कारण वाढलेला देह सांभाळण्यासही अधिक इंधन लागते आणि कोठे तरी हिशेब नव्याने जुळतो. पण तो जुळेपर्यंत पट्ट्याची दोन भोके गेलेली असतात.

सर्वांचेच असे होते काय? नाही. हॉलंडमध्ये निवृत्तीच्या वयाच्या पुरुषांवर पाच वर्षे लक्ष ठेवून एक पाहणी झाली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. अंगमेहनतीच्या किंवा चालत्याफिरत्या नोकरीतून जे निवृत्त झाले त्यांचे वजन आणि कमरेचा घेर अधिक वाढला. खुर्चीतून उठून जे घरच्या खुर्चीत बसले त्यांचे तितके नाही. त्याच्या खर्चात फारसा फरकच पडला नव्हता! अमेरिकेतील अभ्यासांतही, कष्टाच्या कामातून निवृत्त होणारांपैकी जे आधीच स्थूल होते आणि ज्यांच्या गाठीला पैसा थोडा होता, त्यांच्यावर हा भार अधिक पडलेला आढळला. म्हणजे निवृत्तीची ही बाधा साहेबापेक्षा शिपायाला, पोस्टमनला, लाइनमनला अधिक. आपण मात्र स्थूलपणा हा सुखवस्तू लोकांचा विकार मानून बसलो आहोत.

आणि या भागात तर आणखी एक निवृत्त आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ सालापासून बेळगावात आहे. खानापूर, चंदगड, निपाणी या बाजूंच्या कित्येक खेड्यांत घरटी एक माणूस फौजेत गेल्याचे अभिमानाने सांगतात. जवानाची निवृत्ती साठीला येत नाही. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षे सेवा करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. या काळात पहाटेची कवायत, धावणे, पाठीवर ओझे घेऊन चालणे हे त्याच्या देहाचे नित्यकर्म होते, आणि लंगरातले जेवण त्या कष्टाच्या मापाचे होते. घरी आल्यावर कवायत एका दिवसात बंद होते. जेवणाचे माप मात्र लंगराचेच राहते; किंबहुना इतक्या वर्षांनी मुलगा घरी आला म्हणून आई त्यावर आणखी एक वाटी तूप वाढते. पुढे पुष्कळांना नोकरी मिळते ती बँकेच्या दारातील पहारेकऱ्याची. ज्याने बर्फात पहारा केला तो आता स्टुलावर बसून पहारा करतो.

साठीच्या माणसाचे वजन वाढले तर त्याचा भार त्याला वीस वर्षे वाहावयाचा असतो. अडतिशीच्या माणसाला तो चाळीस वर्षे वाहावा लागेल. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. चाळिशी-पंचेचाळिशीत मधुमेह घेऊन येणारे माजी सैनिक मी पाहिले आहेत. छाती अजून रुंद, मिशी अजून ताठ, आणि रक्तात साखर. त्यांना समजावणे फार अवघड जाते, कारण 'आपण धट्टेकट्टे' ही त्यांची स्वतःविषयीची समजूत त्या जुन्या कवायतीवर उभी असते. २०२२ सालापासून अग्निवीर म्हणून भरती होणारे जवान तर चार वर्षांच्या मुदतीने घेतले जातात आणि त्यांपैकी बहुतेक पंचविशीच्या आतच घरी परतावयाचे आहेत. फौजेने लावलेली भूक घेऊन आलेल्या या मुलांच्या खाण्यापिण्याची चिंता आतापासून वाहिली पाहिजे, असे मला वाटते.

येथे वजनाच्या काट्याविषयी एक इशारा द्यावयास हवा, कारण काटा पुष्कळदा फसवितो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; तो निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून स्थूल, अशी आपल्यापैकी अनेकांची घडण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजावे, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर व स्त्रीची ८० सेंटीमीटर यांपुढे जाऊ देऊ नये, असे ठरविण्यात आले आहे. त्यात निवृत्तीच्या वयाला स्नायू झडण्याचाही काळ येतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा थोडा थोडा भाग जातोच. साठीनंतर ही गळती वाढते. दोन किलो स्नायू गेला आणि दोन किलो चरबी आली तर काटा म्हणणार, 'ठीक आहे'. काट्यापेक्षा सुताची दोरी अधिक प्रामाणिक. ती बेंबीच्या पातळीवर गुंडाळावी, आणि श्वास आत ओढून धरू नये. हे सांगावे लागते, कारण माझ्यासमोर भले भले लोक तो ओढून धरतात.

निपाणीच्या श्रोत्यांसाठी तंबाखूविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळांची तंबाखू आणि नोकरी एकाच वर्षी सुटते. छातीत दुखले म्हणून डॉक्टरांनी विडी बंद केली आणि त्याच वर्षी निवृत्ती आली, असे नेहमी घडते. तंबाखूतील निकोटीन भूक मारते. ते थांबले की भूक आणि तोंडाची चव दोन्ही परत येतात, आणि धूम्रपान सोडणारांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलोंनी वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हे ऐकून कोणी "मग विडी ओढलेलीच बरी" असा अर्थ काढू नये. चार किलो वजन उतरविता येते; जळालेले फुप्फुस परत आणता येत नाही. फक्त हे वर्ष जड जाणार याची जाणीव आधीच असावी, आणि हात विडीकडून चिवड्याच्या डब्याकडे वळत नाही ना, इकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

घरच्यांनी म्हणजे अर्थातच घरातील बाईने, असे आपण सहज गृहीत धरतो. तिची निवृत्ती कधी असते? शिक्षिका असेल तर दोन नोकऱ्यांपैकी एकीतून ती सुटते, इतकेच. आणि यजमान निवृत्त झाले की तिचे काम वाढते. पूर्वी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा चहा होत असे. आता अकरा वाजता होतो, चार वाजता होतो, आणि कोणी मित्र आला की पुन्हा होतो. चहाबरोबर काही तरी लागते. एका वृद्ध बाईंनी मला सांगितले, "यांचं वजन वाढलं बगा, अन् माझं उतरलं." मी दोघांनाही तपासले. बाईंची साखर फार वाढलेली निघाली.

वजन उतरण्याची ही दुसरी बाजू निवृत्तीच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. शहापूर, वडगाव, खासबागचे विणकर, निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका, घरी हजारावर विड्या वळून पोट भरणाऱ्या स्त्रिया यांच्या आयुष्यात शाल-श्रीफळाचा दिवस बहुधा येतच नाही. डोळ्यांना दिसेनासे झाले, बोटे चालेनाशी झाली, की काम सुटते. काम सुटले की हातात येणारा पैसा सुटतो, आणि पुष्कळ वेळा ताटातील डाळ आधी पातळ होते. जोडीदार गेल्यावर एकट्याने राहणारे पेन्शनरही असेच वाळत जातात. एकट्यासाठी चूल कोण पेटविणार म्हणून चहा-पावावर दिवस काढतात. "म्हातारपणी माणूस उतरायचाच" म्हणून याकडे कानाडोळा होतो. हे धोक्याचे आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन वीसांश घटले, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलो गेले, तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, किंवा नुसती मनाची खिन्नता, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि यांतील बहुतेकांवर वेळीच इलाज होतो.

मग करावे काय? टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ल्याच्या तळ्याकाठी भल्या पहाटे जाऊन पाहा. कानटोप्या घातलेले पेन्शनर झपझप चालताना दिसतील. त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण त्याच मंडळींपैकी काहींना मी साडेसात वाजता हॉटेलच्या बाकावर पाहतो, पुढ्यात इडली-वडा, आणि त्यानंतर घरी जाऊन जेवणापर्यंत वर्तमानपत्र. पाऊण तास चालले आणि उरलेला दिवस बसून काढला, तर नोकरीतला चालण्या-उठण्याचा हिशेब भरून निघत नाही. नोकरीने हालचाल दिवसभर वाटून दिलेली असे; ती तशीच वाटून घ्यावयास हवी. दळण, भाजी, लाइटचे बिल, नातवाची शाळा ही कामे एका फेरीत उरकू नयेत. चार फेऱ्या कराव्या. दुचाकी जवळच्या कामाला काढू नये. खुर्चीतून उठताना हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. मांड्यांचा स्नायू राखण्यास याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. ताटातून भाताचा एक वाढप कमी करावा, पण डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे, हे कमी करू नये. वजन उतरविण्याच्या नादात स्नायू उतरविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. कुंदा मी कोणाला बंद करीत नाही. बेळगावात राहून तसे सांगणारा डॉक्टर खोटे ऐकून घेण्याची सोय करीत असतो. सणाला खावा, आणि पाव किलोचा पुडा घरी आणून ठेवू नये, एवढेच सांगतो.

त्या कंडक्टरांना मी यांपैकी अर्ध्याच गोष्टी सांगितल्या, कारण सगळ्या सांगितल्या तर माणूस एकही करीत नाही. एक मात्र आग्रहाने सांगितली, की खुंटीवरची खाकी पँट टाकून देऊ नका. दर महिन्याला पेन्शन जमा होईल त्या दिवशी ती एकदा चढवून पाहा. पहिल्या महिन्यात ती मांडीवरच अडली. आता दीड वर्ष झाले. ते रोज दोन वेळा घरापासून स्टँडपर्यंत चालत जातात, जुन्या सोबत्यांच्या गाड्या सुटताना पाहतात, उभ्याउभ्याच गप्पा मारतात आणि परत येतात. गेल्या पंधरवड्यात गुडघे दाखविण्यास आले तेव्हा मी पँटची चौकशी केली.

"चढते की ओ," ते म्हणाले, "हूक लागतोय. बटण अजून लागत नाही."